मूलभूत चौकट: जर्मनीची की ढाक्याची?

संसद राज्यघटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, हे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ पैकी ७ न्यायमूर्तींनी ठरवले. पालखीवालांचा युक्तिवाद, ७ विरुद्ध ६ ची चुरस, हे सगळे आता पाठ झाले आहे. हे तत्त्व आले कुठून असे विचारले, की ठरलेले उत्तर मिळते: जर्मनीहून. हायडेलबर्गचे प्राध्यापक डीट्रिश कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. एम. के. नंबियार यांनी गोलकनाथ खटल्यात तो मुद्दा कोर्टापुढे मांडला आणि केशवानंदच्या निकालात न्या. खन्नांनी कॉनराड यांचा आधार घेतला. त्यात जर्मन घटनेतच १९४९ पासून काही तत्त्वांना दुरुस्तीने धक्का लावायला मनाई आहे. वंशावळ कशी चोख दिसते!

फक्त तारखा जुळत नाहीत. कॉनराड बनारसला बोलले त्याच्या आधीच, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, सज्जनसिंह खटल्याचा निकाल लागला होता. १७ व्या घटनादुरुस्तीला दिलेले ते आव्हान सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पीठाने फेटाळले. पीठावर दुसरेही मराठी न्यायमूर्ती होते: जनार्दन रघुनाथ मुधोळकर, १९१२ चे काँग्रेस अध्यक्ष रघुनाथराव मुधोळकर यांचे चिरंजीव. त्यांनी निकालाला संमती दिली, पण वेगळे निकालपत्र लिहिले आणि त्यात एक प्रश्न मोकळा सोडला. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यातच बदल केला, तर त्याला निव्वळ दुरुस्ती म्हणायचे, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणे? आणि ते घटनादुरुस्तीचा अधिकार देणाऱ्या ३६८ व्या कलमात बसते का?

या प्रश्नाच्या जोडीला त्यांनी आधार दिला तो चक्क पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा! अयुबखानांच्या १९६२ च्या घटनेप्रमाणे मंत्री झालेल्या सभासदाला कायदेमंडळातली जागा सोडावी लागे. 'अडचणी दूर करण्या'च्या अधिकारात अयुबखानांनी हुकूम काढला आणि मंत्र्यांच्या जागा शाबूत ठेवल्या. तेव्हा पाकिस्तानात असलेल्या ढाक्याच्या हायकोर्टाने १९६३ मध्ये तो हुकूम रद्द ठरवला. त्या मंत्र्यांपैकी फझलुल कादिर चौधरी अपिलात गेले, तेव्हा सरन्यायाधीश कॉर्नेलियस यांनी ढाक्याचाच निकाल उचलून धरला: राज्यपद्धतीसारखे घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य अडचणीच्या नावाखाली बदलता येणार नाही.

जर्मन पक्षाचे वकील इथे दोन हरकती घेतील. पहिली, मुधोळकरांनी नुसता प्रश्न विचारला, सिद्धान्त कॉनराड यांनी दिला. मान्य, पण कुळकथेत बी कुणी पेरले हेही पाहावे लागते. दुसरी हरकत जड आहे. ढाक्याचा वाद राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाचा, रीतसर घटनादुरुस्तीचा नव्हे. मग हे उदाहरण लागू कसे? माझ्या मते मुधोळकरांची खरी करामत हीच. हुकुमाला घातलेली मर्यादा त्यांनी उचलली आणि संसदेपुढे प्रश्न म्हणून ठेवली. शिवाय जर्मन मनाई घटनेत लिहिलेली आहे, आपल्याकडे तसे कलमच नाही. न लिहिलेली मर्यादा घटनेच्या एकंदर रचनेतून वाचून काढायची, ही रीत कॉर्नेलियस यांच्या निकालाच्या अधिक जवळची. आणि लाहोर-ढाक्याचे निकाल दिल्लीत परके वाटण्याचे कारणही नव्हते. दोन्हीकडची न्यायालये ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या तालमीत तयार झालेली.

मग ढाक्याचे नाव मागे का पडले? देशोदेशींच्या कायद्यांची तुलना करणारे शास्त्रच युरोपकडे तोंड करून बसलेले. ॲलन वॉटसन यांनी १९७४ मध्ये कायद्यांच्या 'कलमा'चा सिद्धान्त मांडला: कायदे एका देशातून दुसऱ्या देशात लावता येतात. पुढे पिएर लग्राँ म्हणाले, नियम नेला तरी त्याचा अर्थ मागेच राहतो. दोघांचे भांडण जोरात, पण उदाहरणांत रोम आणि युरोपचाच भरणा. तुलना करणारा स्वतःचे घरच मापदंड धरतो, हा दोष गुंटर फ्रांकेनबर्ग यांनी १९८५ मध्येच दाखवला होता. ते स्वतः जर्मन, ही त्यातली गंमत. आपण मात्र आपल्या तत्त्वाला हायडेलबर्गचे गोत्र मिळाले म्हणून खूश.

पुढचा प्रवास तर अधिकच मजेचा. १९८९ मध्ये बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाची कायम खंडपीठे ढाक्याबाहेर नेणारा आठव्या घटनादुरुस्तीचा भाग रद्द केला आणि त्यासाठी केशवानंदचा आधार घेतला. कायद्याच्या वर्गात केशवानंद शिकवणाऱ्यांनी कॉनराड खुशाल सांगावेत. पण सज्जनसिंहमधले मुधोळकरांचे निकालपत्र विद्यार्थ्यांच्या हाती त्याआधी द्यावे.