उपग्रहावरील बिऱ्हाडकरू

गोदावरीकाठचे पुणतांबा हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील जंक्शनमुळे आपल्या परिचयाचे आहे. या गावाचे रेखांश सुमारे ७४.६ अंश पूर्व. भूगोलाच्या तासाला नुसती ही संख्या सांगितली, तर विद्यार्थी ती विसरून जातील. पण १९८३ मध्ये सोडलेला इन्सॅट-१बी हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ पुणतांब्याच्याच रेखावृत्तावर, विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. स्टेशनच्या फलाटावर दक्षिणेकडे तोंड करून क्षितिजापासून ६७ अंश वर पाहिले असते, तर नजर नेमकी त्याच्या दिशेने गेली असती. अर्थात नुसत्या डोळ्यांना तो दिसला नसता.

या उपग्रहात एक नव्हे, तीन बिऱ्हाडे होती : टेलिफोन, दूरदर्शन-आकाशवाणी आणि हवामान खाते. एकाच्या यानावर दुसऱ्याचे उपकरण बसवून पाठवणे ही पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. प्रवासी गाडीला टपालाचा डबा जोडावा, तसाच हा प्रकार. टपालासाठी स्वतंत्र इंजिन लागत नाही. पण गाडी अडली, की टपालही अडते.

पहिला धडा

इन्सॅट-१ मालिकेचे उपग्रह अमेरिकेतील फोर्ड एरोस्पेस कंपनीने बांधले. हवामान खात्याच्या प्रारणमापीला ढगांचे अवरक्त चित्र घेण्यासाठी आपला संवेदक अतिशय थंड ठेवावा लागे. त्यासाठी त्याच्या शीतकासमोर मोकळे, काळे अवकाश हवे. शीतकाच्या बाजूला तापलेला सौरपंख आला, तर काम बिघडणार. म्हणून इतर उपग्रहांप्रमाणे दोन्ही बाजूंना पंख न लावता या उपग्रहाला एकाच बाजूला पंख दिला गेला.

त्यातून दुसरी अडचण उभी राहिली. सूर्यप्रकाशाला दाब असतो. पृथ्वीच्या अंतरावर तो दर चौरस मीटरला एक न्यूटनच्या लाखाव्या भागाहूनही कमी असतो. पण तो दिवसरात्र एकाच पंखावर पडत राहिला, तर उपग्रह हळूहळू वळतो. तोल राखण्यासाठी दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर एक सौरशीड बसवले. एका बिऱ्हाडकरूच्या गरजेसाठी सगळे घरच वेगळ्या आकाराचे बांधावे लागले!

विद्यार्थ्यांना हे सहज दाखवता येईल. एक पट्टी मधोमध दोऱ्याने आडवी टांगा. एका टोकाला उभे पुठ्ठ्याचे कार्ड आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचा मातीचा गोळा लावा. समोरून पंख्याचा मंद वारा सोडला, की पट्टी वळेल. गोळ्याच्या जागी तसेच दुसरे कार्ड लावले, की ती फारशी वळणार नाही.

१० एप्रिल १९८२ ला निघालेल्या इन्सॅट-१ए चे हे शीड उघडलेच नाही. पुढे उपग्रहाची दिशा सांभाळणारे इंधन संपले आणि सप्टेंबर १९८२ मध्ये तो निकामी झाला. टेलिफोन, दूरदर्शन आणि हवामान ही तिन्ही बिऱ्हाडे एकाच वेळी उघड्यावर आली. पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १९८३ ला, चॅलेंजर अवकाशयानातून गेलेल्या इन्सॅट-१बी ने ही उणीव भरून काढली. अर्थात या घराचा मालक सरकारच होते. हवामानासाठी स्वतंत्र घर मिळाले ते १२ सप्टेंबर २००२ ला. त्या उपग्रहाला पुढे ‘कल्पना-१’ हे नाव देण्यात आले.

घरमालक आणि भाडेकरू

सरकारने खासगी घरात बिऱ्हाड केल्याचे एक जुने उदाहरण म्हणजे मॅरिसॅट. १९७६ मध्ये कॉमसॅट कंपनीच्या या उपग्रहांवरील संदेशवहनाची काही क्षमता अमेरिकी नौदलाने भाड्याने घेतली. आपल्याकडे याच्या उलटही घडले. ३ एप्रिल १९९९ ला निघालेल्या इन्सॅट-२ई वरील अकरा ट्रान्सपाँडरइतकी क्षमता इंटेलसॅटला भाड्याने दिली गेली. येथे सरकार घरमालक होते.

नासाचे ‘गोल्ड’ हे उपकरण जानेवारी २०१८ मध्ये एसईएस-१४ या व्यापारी उपग्रहावरून गेले. एरियन रॉकेटने उपग्रह चुकीच्या दिशेने सोडला. उपग्रहाने स्वतःच्या विद्युत प्रणोदनाने कक्षा सुधारली, म्हणून दोघेही वाचले. हवेतील प्रदूषण मोजणारे ‘टेम्पो’ एप्रिल २०२३ मध्ये इंटेलसॅट ४०ई वरून गेले. दोन्ही ठिकाणी स्वतंत्र यानाचा आणि रॉकेटचा खर्च वाचला. मात्र जागा, वीज, कक्षा आणि प्रक्षेपणाची तारीख यांबाबत भाडेकरूला घरमालकाशी जुळवून घ्यावेच लागते.

पुणतांब्याच्या छतावर

आज गावातील अनेक छतांवर दक्षिणेकडून पूर्वेला झुकलेल्या दूरचित्रवाणीच्या बशा दिसतात. घरोघरी वाहिन्या पोहोचवण्याच्या कामी येणाऱ्या जीसॅट-१० (२०१२) आणि जीसॅट-१५ (२०१५) या उपग्रहांवर, तसेच जीसॅट-८ (२०११) वर, ‘गगन’ नावाचे आणखी एक बिऱ्हाड बसवले गेले. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांची ही योजना जीपीएसच्या स्थाननिश्चितीतील चुकांची दुरुस्ती विमानांना कळवते. रेल्वेनेही इंजिनांचा ठावठिकाणा कळण्यासाठी गगनचा उपयोग सुरू केला आहे. म्हणजे मालिका आणि क्रिकेटचे सामने पोहोचवणारे यानच विमानाला वाटही दाखवते.

येथे काटकसर आहे, तसा धोकाही आहे. गगनसाठी तीन उपग्रहांवर जागा घेण्यामागचे शहाणपण १९८२ च्या अनुभवावरून ध्यानात येते : एक घर पडले, तरी संसार चालू राहावा. पुढे आणखी सरकारी उपकरणे खासगी उपग्रहांवर गेली, तर वीज कमी पडल्यावर आधी कोणाचा दिवा मालवायचा? सामन्याचा की वादळाच्या इशाऱ्याचा? हे करार करतानाच ठरवावे लागेल. वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. त्याचे उत्तर केवळ अभियंत्यांनी द्यायचे नाही.