पहिलीच्या वर्गाचा जन्म

सहा वर्षांची तीस-चाळीस मुले, प्रत्येकापुढे तेच पुस्तक, त्यातले तेच पान आणि फळ्यावर एकच अक्षर. पहिलीचा वर्ग असाच असतो, किंबहुना शाळा म्हणजे हेच, असे आपण धरून चालतो. मराठी मुलखात अक्षरे गिरवण्याची आणि पाढे घोकण्याची रीत फार जुनी आहे. सारख्या वयाच्या मुलांनी एका वेळी एकच गोष्ट शिकायची, ही रीत मात्र दोनशे वर्षांचीही नाही. ती आली ती मुलाला अक्षर लवकर उमगावे म्हणून आली नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांची मोजदाद आणि तपासणी करता यावी, ही तिच्यामागची मोठी गरज होती. या सोयीने शिक्षणाची दारे रुंद केली हे खरे, पण ‘मागे पडलेले मूल’ ही गोष्टही तिनेच निर्माण केली. पहिलीतल्या रोजच्या कामांचा इतिहास पाहिला, की हे दोन्ही परिणाम एकाच मुळातून फुटलेले दिसतात.

कंपनी सरकारचा अंमल बसला तेव्हा गावोगावी पंतोजींच्या, म्हणजे गावातल्या खासगी शिक्षकांच्या, शाळा चालू होत्या. 1820च्या दशकात मुंबई सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांतून त्यांची माहिती मागवली. पुढे रा. वि. परुळेकरांनी ते कागद संपादून प्रसिद्ध केले, म्हणून या शाळांविषयी आपल्याला केवळ आठवणींवर विसंबावे लागत नाही. शाळेला स्वतःची इमारत नसे. एखाद्याची ओसरी, देऊळ किंवा पंतोजीचे घर हीच शाळा. पंतोजीला सरकारी पगार नव्हता. पालकांकडून थोडी रोकड, धान्य आणि सणावारी शिधा मिळे. मूल आले की ‘ओनामासीधं’ (ओम नमः सिद्धम्) या मंगलाक्षरांनी आरंभ होई. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तिच्यावर काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे. चुकले की हात फिरवून पुन्हा धूळ सारखी करायची. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे, मग मोडी वळण, पुढे पत्राचे मायने आणि हिशेब अशी चढण असे. छापील पुस्तक नव्हतेच, म्हणून वाचन लिहिण्यातून येई. हात आधी तयार होई, डोळा मागाहून. संध्याकाळी परवचा होई, त्यात सगळी मुले एका सुरात पाढे म्हणत. मात्र दिवसभर प्रत्येक मूल आपापल्या मजलेवर असे. कोणी ‘क’ गिरवत असे, तर शेजारचा खत लिहीत असे, आणि मोठा मुलगा धाकट्याचा हात धरून त्याला वळण शिकवत असे.

काय शिकवायचे हे बाजार आणि दप्तर ठरवत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर, अशा जगात अपूर्णांक तोंडी यावेच लागत. म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. साडेतीनचा पाढा आज चमत्कारिक वाटतो, पण ज्याला साडेतीन आणे शेराने मालाचा हिशेब तोंडी करायचा आहे त्याला तो रोज लागे. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ मेट्रिक वजने आली, आणि या पाढ्यांचा आधारच निघून गेला. यातून त्या शाळेचा एक गुण आणि एक मर्यादा दोन्ही कळतात. शिकलेले लगेच उपयोगी पडे, पण उपयोगापलीकडचे फारसे काही शिकवले जात नसे. शिवाय तिथे वार्षिक परीक्षा नव्हती. मूल पुढे जाई, रेंगाळे किंवा शाळा सोडी. ते नापास मात्र होऊ शकत नव्हते, कारण अमुक महिन्यात अमुक पाठ झालाच पाहिजे, असे कोणी ठरवलेलेच नव्हते.

नव्या व्यवस्थेची पहिली पायरी या जुन्या रीतीवरच उभी होती. मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या आश्रमाचा कारभार 1789पासून अँड्र्यू बेलकडे होता. स्थानिक शाळेतली मुले वाळूत बोटाने लिहिताना त्याने पाहिली आणि ती युक्ती उचलली. मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची पद्धत त्याने तिथेच रुळवली, आणि तिचे वर्णन 1797 साली इंग्लंडमध्ये छापले. जोसेफ लँकेस्टरनेही लंडनमध्ये अशीच पद्धत चालवली. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने मराठी शाळांसाठी लँकेस्टरची रीत आणली, तेव्हा हिंदी शाळेची एक सवय विलायतेची वारी करून, घंटा आणि तक्ते बरोबर घेऊन, परत आली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या हाताखाली गणिताची मराठी पुस्तके छापली गेली. 1840मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन आले, 1855मध्ये शिक्षणखाते. पुढे मेजर कँडीच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली. पुस्तकाला क्रम लागला तसा मुलांनाही लागला. बिगरी (पहिलीआधीचा वर्ग), पहिली, दुसरी अशा पायऱ्या पक्क्या झाल्या. शिक्षणखात्याचा तपासनीस, म्हणजे डेप्युटी, तपासणीला आला की त्याला प्रत्येक मुलाची वेगळी मजल पाहायला सवड नसे. इयत्तेला नेमलेले पुस्तक वाचता येते की नाही एवढेच तो पाही. 1860च्या दशकात खासगी शाळांचे अनुदानही परीक्षेच्या निकालाशी जोडले गेले. धूळपाटीच्या जागी दगडी पाटी आली, आणि दसऱ्याला एकच्या आकड्यांची सरस्वती तिच्यावर काढून पूजा होऊ लागली. साधने आणि रूढी अशा सहज मिसळल्या. वेळ मात्र मुलाच्या हातून वेळापत्रकाच्या हाती गेली.

यावर पहिला आक्षेप असा की पंतोजीच्या शाळेचे गोडवे गाणे म्हणजे जातीचे कुंपण विसरणे. आक्षेप रास्त आहे. त्या ओसरीवर मुलींना आणि अस्पृश्य मुलांना जागा नव्हती, आणि शेतकऱ्यांची मुले थोडीच येत. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली, यातच सगळे आले. पण 1882मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी काय मागितले तेही पाहावे. शिक्षकाला किमान बारा रुपये पगार, आणि वाचन, मोडी-बाळबोध लेखन, हिशेब यांच्या जोडीला इतिहास, भूगोल, शेतीचे ज्ञान, आरोग्य. खेड्यातल्या मुलाला आपल्या जगण्याशी जोडलेले शिक्षण मिळावे, असा तो आग्रह होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. असा हुकूम राबवायचा तर मुलांची यादी, वर्ग आणि हजेरीपट हवेतच. म्हणून इयत्ता नकोच, असे म्हणता येत नाही. प्रवेश सर्वांना एकाच वयात मिळावा यासाठी ती लागते. सर्वांनी एकाच दिवशी एकच अक्षर शिकावे, हे मात्र त्यातून आपोआप निघत नाही. आपण ही दोन कलमे एकच समजलो.

दुसरा आक्षेप पद्धतीचा. घोकंपट्टी, छडी, अंगठे धरून ओणवे उभे करणे हे पंतोजीच्या शाळेतलेच, मग तिचे काय घ्यायचे? यांतले काहीच घेऊ नये. पण छापील पुस्तकाने यातले काही संपवले असेही नाही. छडी तर आणखी शतकभर टिकली. खरी सुधारणा झाली ती मुलाच्या हाताकडे आणि डोळ्याकडे पुन्हा लक्ष गेले तेव्हा. वर्णमालेच्या क्रमाऐवजी वळणाला सोपी अक्षरे आधी घेणारा ‘ग म भ न’ हा क्रम याच विचारातून रूढ झाला. 1926मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी 1945पासून बोर्डीत, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला, बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. तिथे बिया, खडे आणि पाने हीच मोजणीची साधने होती, आणि मूल आपल्या गतीने पुढे जाई.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: एक शिक्षक, अनेक मुले, मग प्रत्येकाची वेगळी गती कशी सांभाळायची? पंतोजीसुद्धा एकटाच होता आणि त्याच्यासमोर तर सगळ्या पायऱ्यांची मुले एकत्र बसत. आजही महाराष्ट्रातल्या कित्येक द्विशिक्षकी शाळांत दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसतात, आणि मोठे मूल धाकट्याला शिकवते. आपण याला अडचण म्हणतो. बेलने मात्र याचीच पद्धत उभारली होती. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने सहाव्या वर्षी शाळेत येण्याचा हक्क दिला, आणि पहिलीच्या मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्याला बंदी केली. पण पुस्तक, वेळापत्रक आणि तपासणीची फूटपट्टी एकाच गतीची राहिली, तर नापासाचा शिक्का केवळ कागदावरून जातो. न आलेले अक्षर मुलाबरोबर दुसरीत जाते. म्हणून पहिलीची तपासणी करताना ‘कितवा धडा झाला’ हा प्रश्न मागे ठेवून ‘हे मूल जूनपासून किती पुढे आले’ हा प्रश्न पुढे घ्यायला हवा. एकच धडा एकाच दिवशी ही रीत प्रशासनाने आपल्या सोयीसाठी घातली आहे, तेव्हा ती बदलण्याची जबाबदारीही सहा वर्षांच्या मुलाची नसून प्रशासनाचीच आहे.