छपरावर फेकलेला जोडा



आजची गोष्ट तुर्कस्तानातली. 1330 च्या दशकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तिथल्या अंतालिया शहरात उतरला होता. (हाच पुढे आपल्या दौलताबादलाही येऊन गेला.) जुनेपाने कपडे घातलेला एक माणूस त्याला जेवायला बोलवायला आला. या गरिबावर आपला भार कशाला, असं पाहुण्याला वाटलं. दुभाष्या हसला. तो माणूस जोडे शिवणारा होता खरा, पण निरनिराळ्या धंद्यांतल्या सुमारे दोनशे कारागिरांनी त्याला आपला प्रमुख निवडलं होतं. दिवसभर कमवायचं, संध्याकाळी कमाई प्रमुखाकडे आणायची, त्यातून सगळ्यांचं जेवण व्हायचं, वाटसरूंचंही.

या मंडळींना ‘अही’ म्हणत. किरशेहिरचा अही एव्रान, कातडी कमावणारा, हा त्यांचा मूळ पुरुष मानतात. पुढे कारागिरांच्या संघांची सामाईक पेटी असे. अडल्यानडल्या सभासदाला तीतून पैसा मिळे. आम्ही हे वाचलं आणि आमच्या गटाची पत्र्याची पेटीच डोळ्यांपुढे आली.

काम चोख करणं हे तिथं देवाचं आणि बिरादरीचं देणं मानलं जाई. खराब शिवलेला जोडा छपरावर फेकत, असं सांगतात. आजही कुणाचा मान उतरला की ‘त्याचा जोडा छपरावर गेला’ म्हणतात. आपली भवानी झाली की पुढचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवावं, हीही शिकवण. काम करणाऱ्याजवळून जाताना ‘सोपं जावो’ म्हणतात. निरोप घेताना एकमेकांचे राहिलेले हक्क माफ करून घेतात; ‘हक’ हा शब्द त्यांचाही तोच.

पण पोराला उस्तादाच्या हाती देताना आईबाप म्हणत, ‘मांस तुमचं, हाडं आमची.’ म्हणजे मारा, पण शिकवा! कर्तव्याचं ओझं असं धाकट्यावरच जास्त. बायकांचं म्हणाल, तर 15व्या शतकातला इतिहासकार आशिकपाशाजादे अहींच्या जोडीने ‘अनातोलियाच्या बहिणी’ असा बायकांचा संघ नोंदवतो. नोंद अगदी त्रोटक.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पापडांचा एक डबा परत आला. बैठकीत आम्ही एकीचा जोडा छपरावर फेकून मोकळ्या झालो. तिचं लेकरू चार दिवस तापाने फणफणत होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. नंतर आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. आता माल तपासायला दोघी बसतात. त्यातली एक तीच.