स्वग्रामाची नोंद

परमुलखात चाकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना वेतनवाढीची तारीख पाठ असते. पण तिच्याहूनही अधिक ओढीने आपण वाट पाहतो ती गावी जाण्याच्या सवलतीची. ११ ऑक्टोबर १९५६ च्या ज्ञापनाने ती केंद्रीय कर्मचाऱ्यांना लाभली. दोन वर्षांतून एकदा सहकुटुंब स्वग्रामी जाण्याचे भाडे सरकार देऊ लागले. आरंभी ठराविक अंतरापर्यंतचे भाडे ज्याचे त्यालाच सोसावे लागे. म्हणजे ही सवलत मुळात दूर देशी आलेल्यांसाठीच होती. पुढे चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्याची मुभा मिळाली, १९८८ साली स्वतंत्र नियमावली झाली, आणि २०२० च्या महामारीत तर प्रवासाविनाही काही अटींवर रोख रक्कम मिळाली.

परंतु स्वग्राम म्हणजे कोणते? त्याच्याही कसोट्या सरकारनेच घालून दिल्या आहेत. घरगुती व सामाजिक कर्तव्यांसाठी तेथे वेळोवेळी जावे लागते काय? तेथे स्वतःचे वा एकत्र कुटुंबाचे घर आहे काय? जवळचे आप्त आहेत काय? नोकरीपूर्वी तेथे वास्तव्य होते काय? एकदा केलेली नोंद साऱ्या सेवाकालात एकदाच बदलता येते, तीही वरिष्ठांच्या अनुमतीने.

वडिलांच्या पश्चात गावचे घर विकले, तेव्हा तसा अर्ज मीही लिहिला. मुलांचा जन्म दिल्लीचा. त्यांना ते गाव परके. अर्ज अद्याप खणात पडून आहे. गेल्या मे महिन्यात मात्र आम्ही गावीच गेलो. उतरलो चुलत्यांकडे.