तेलव्यवसायातील एक स्त्री-अध्यक्ष

घाटकोपरच्या दक्षिणेस, चेंबूरपलीकडे माहुल येथे 1954 साली स्टँडर्ड-व्हॅक्यूम कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढे तो एस्सोकडे गेला. 1974 च्या राष्ट्रीयीकरणातून हिंदुस्थान पेट्रोलियम ही संस्था निर्माण झाली. 1979 साली कोसन गॅस तीत विलीन झाल्यावर घरोघरच्या चुलीशी तिचा संबंध अधिक निकटचा झाला. चूल स्त्रीची मानलेली. तिला इंधन पुरविणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद मात्र चार दशके पुरुषांकडेच राहिले.

1 मार्च 2014 रोजी श्रीमती निशी वासुदेव या संस्थेच्या अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाल्या. देशातील सार्वजनिक तेलकंपनीचे सर्वोच्च पद स्त्रीकडे येण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील शिक्षण, इंजिनिअर्स इंडियातील आरंभ, पुढे नियोजन, माहितीतंत्र व विपणन यांतील अनुभव आणि 2011 पासून विपणन-संचालकपद, हा क्रम पाहता ही निवड केवळ शोभेची नव्हती, हे स्पष्ट होते. 2016 मध्ये त्या निवृत्त झाल्या.

येथे भाषेचाही प्रश्न उद्भवतो. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत्-अभियंता झालेल्या अ. ललिता यांच्या प्रमाणपत्रावरील छापील पुल्लिंगी सर्वनाम खोडून स्त्रीलिंगी लिहावे लागले होते. मराठीत तशी खाडाखोड नको. ‘अध्यक्षा’ म्हटल्याने पदच निराळे भासते. ‘अध्यक्ष झाल्या’ या रचनेत पद एकच राहते, लिंग क्रियापद दर्शविते. व्याकरणाची सोय पूर्वीपासून होती. वाक्याला कर्ता मिळण्यास मात्र 40 वर्षे लागली.