तीन वर्षांचे रविवार

वर्गात गणित घातले की एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारतो, “गुरुजी, उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेलेच आहे, मग रीत कशाला?” अशा मुलाला मी एका संख्येची हकीकत सांगतो.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहेच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरावयाची. राजाची कोठारे रिती झाली, पण पट काही भरेना! असे आठ पट भरावेत आणि वर सात दाणे टाकावेत, की आमची संख्या झाली: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजेच २ च्या ६७ व्या घातातून १ वजा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांची नावे अठराव्या स्थानी, परार्धापाशी, संपतात, ही तर एकवीस अंकी!

फ्रान्समधील मेर्सेन या ख्रिस्ती साधूने १६४४ साली लिहिले, की ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. १८७६ साली त्याच देशाच्या ल्यूकाने ते खोटे ठरविले. पण गंमत अशी, की तिचे अवयव त्यालाही सांगता आले नाहीत. मडके वाजवून पाहावे, ते फुटके आहे हे आवाजावरून कळावे, पण चीर मात्र दिसू नये, तशातली गत!

ती चीर दाखविली अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल या प्राध्यापकाने. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांची सभा भरली होती. गणितज्ञ बेल यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की कोल मुकाट्याने फळ्यापाशी गेले आणि त्यांनी ही संख्या मांडली. मग दुसऱ्या बाजूस त्यांनी १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. एक शब्दही न बोलता कोल जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. किती काळ लागला, असे बेल यांनी पुढे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, तीन वर्षांचे रविवार!

या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, एवढे आधी ठाऊक होते. तरी धाकटा अवयव गाठायला ती पट १४,४५,५८० वी लागते! आजचे संगणक हे काम चुटकीसरशी करतात. पण त्याहून कितीतरी मोठ्या संख्यांचे अवयव त्यांनाही सापडत नाहीत, आणि १९७७ साली निघालेली एक गुप्तलेखनाची रीत याच अडचणीच्या भरवशावर उभी आहे.

फराळ झाल्यावर मुलांना जवळ घ्या आणि नवाचा पडताळा करून पाहा. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज करीत गेल्यास शेवटी एकच उरतो. मूळच्या एकवीस अंकांचाही एकच. एवढ्याने गुणाकार बरोबर ठरत नाही, हेही त्यांना सांगा. मग पाटी-पेन्सिल द्या. रीत करू द्या.