घोड्यावरचं बिऱ्हाड

आज इतिहासावर बोलायचं आहे, पण राजेरजवाड्यांच्या नाही. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

गेल्या वर्षी श्रावणात मी माण तालुक्यातल्या एका धनगरवस्तीवर नव्या बचत गटाचं सर्वेक्षण करत होते. पावसाळ्यात मेंढरांचे वाडे घरी असतात, म्हणून मुद्दाम तेच दिवस धरले. फॉर्मवर एक रकाना होता, ‘अवगत कौशल्य’. पुढे पर्याय दिलेले: शिवणकाम, पापड-लोणची, मेणबत्ती, ब्युटी पार्लर, इतर. समोर साठीच्या आसपासच्या एक मावशी बसल्या होत्या.

“मावशी, शिवण येतं का?”

“न्हाय बाई.”

“पापड, कुरडया?”

त्या हसल्या. “कुरडई वाळूस्तवर आमचं रान बदलतंय. कवा करायची?”

मी ‘इतर’समोर रेघ मारली, ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

दिवाळीनंतर वाडा निघून गेला आणि मग लक्षात आलं की मावशींची एक सही राहिलीय. फोन लावून ठावठिकाणा विचारला. वाडा तेव्हा कऱ्हाडच्या अलीकडे, ऊस तुटलेल्या एका रानात उतरला होता. पोचायला संध्याकाळ झाली, शेवटची एसटी चुकली, आणि त्या रात्री मी उघड्यावर, मेंढरांच्या शेजारी, घोंगड्यावर झोपले. खरं म्हणजे झोपले नाहीच, बघत राहिले.

वाड्यावर चार कुटुंबं होती. मेंढरांभोवती वाघर लावलेली. वाघर म्हणजे दोरीचं जाळं, खुंट्यांवर ताणून त्याचं कुंपण करतात. बाहेरच्या अंगाला कुत्री, आतल्या अंगाला घोडी, मधे तीन दगडांची चूल. कोंबड्या डालग्याखाली, दोन दिवसांची कोकरं पोत्यावर, आणि त्यांच्याच शेजारी मावशींचा दीड वर्षांचा नातू. रात्री एक कुत्रं भुंकलं. मी दचकून उठले, तर मावशी पडल्या पडल्याच म्हणाल्या, “नीज, माणूस हाय. लांडग्याला असं भुकत न्हाय ते.”

पहाटे मी घड्याळ लावून पाहिलं. भाकरी थापून, पोरं आवरून, सगळा संसार दोन घोड्यांवर चढवायला तिथल्या बायांना पाऊण तास लागला. पीठ-मीठ खाली, भांडी मधे, अंथरूण वर, त्यावर डालगं, आणि डालग्याला टेकवून कोकरं. दोन्ही बाजूंचं वजन हातानं तोलून बघत होत्या. एका बाजूला जड झालं तर घोड्याची पाठ सोलते आणि चार दिवस बिऱ्हाड अडून राहतं. गडी मेंढरं चारत सावकाश येतात. घोडी घेऊन बाया पुढं जातात. उतरायची जागा बायाच बघतात: पाणी किती लांब, जमीन उताराची आहे का, काटे किती, शेजारच्या पिकात मेंढरू घुसेल का. आपल्याला भाड्याची खोली बदलायची तर महिनाभर डोकं धरून बसतो.

माझ्या फॉर्मवर या बाईच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं. घरी आल्यावर मी पुस्तकं काढली. बीएला इतिहास होता माझा, पण हे त्यात कुठं वाचल्याचं आठवेना.

धनगर म्हटलं की आपल्याला आधी होळकर आठवतात. मल्हारराव लहानपणी मेंढरं राखायचे. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडीचा, धनगर घरातला. त्यांचे घाट, त्यांची मंदिरं आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण घोड्याच्या पाठीवर घर तोलणाऱ्या हजारो बायांचं नाव कुठल्या बखरीत येणार? त्यांनी दगडाचं काही बांधलं नाही. चूल विझली की तीन दगड तिथंच राहिले, एवढाच काय तो पुरावा.

हा पुरावा जुना किती असावा? पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. चौकोनी, ऐसपैस घरं, जव पिकवणारी माणसं, शेताला पाणी द्यायला काढलेला पाट. आणि मग वरच्या थरांत, म्हणजे नंतरच्या काळात, चित्र बदललं. मोठी घरं गेली, छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती घटली. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की पाऊसमान बिघडलं आणि त्या लोकांनी शेळ्यामेंढ्यांच्या आधारानं अर्धं फिरतं जगणं पत्करलं.

हे वाचून मी थोडा वेळ थांबले. आपल्याला शाळेत शिडी शिकवली होती: आधी शिकारी, मग गुराखी, मग शेतकरी, मग शहर. म्हणजे फिरणारा मागं, घर बांधणारा पुढं. इनामगावात शेतकरीच फिरस्ता झाला, आणि तसा झाला म्हणून तगला. त्या बायांना हे नवं काम कुणी शिकवलं असेल, कोण जाणे. पण त्यांनाही पहिल्यांदा ठरवावं लागलं असणार की घरातलं काय घ्यायचं आणि काय मागं ठेवायचं.

आपल्या माणदेशाला हे वेगळं सांगायला नको. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपानं आली, तुमच्यातल्या काहींनी ती वाचली असेल, सिनेमा पाहिला असेल. शेवटी दुष्काळात अख्खी वाडी मेंढरं घेऊन निघून जाते आणि मास्तर रिकाम्या वाडीत उरतो. मला ते पुस्तक फार आवडतं. पण मास्तर मागं राहिला, म्हणून गोष्टही मागं राहिली. वाटेवर पहिल्या रात्री चूल कुणी मांडली, ते त्यात येत नाही.

आता हे फिरणं उगाच नव्हतं, हेही बघा. आपल्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. आपली काळी दख्खनी मेंढी याच कोरड्या हवेची. कोकणातल्या पावसात, चिखलात तिचे खूर सडतात. म्हणून पावसाळा इकडे, माळावर. दिवाळीनंतर इकडचं गवत संपतं, तेव्हा नदीकाठची रानं आणि कोकणातली भातखाचरं मोकळी झालेली असतात. काही वाडे कृष्णाकाठाला जातात, काही घाट उतरून कोकणात. मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, परत. शेतकरी रात्री रानात मेंढरं बसवून घेतो, कारण लेंड्या आणि मूत यासारखं खत नाही. त्याबदली पूर्वी धान्य मिळायचं, आता बहुतेक पैसे मिळतात. धान्य असताना मोजून घ्यायला बाई असायची. पैसे आल्यापासून व्यवहार गड्याच्या खिशात गेला, असं मावशी म्हणाल्या. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण आपल्या गटांत आपण हेच रोज बोलतो.

मग या जाणत्या जगण्याला ‘मागास’ कधीपासून म्हणायला लागले? सगळा दोष इंग्रजांवर टाकायचा नाही मला, गावगाड्यातही फिरस्त्याला मान कमीच होता. पण १८७८ साली जंगलाचा कायदा आला आणि चराईची रानं सरकारी झाली. शिक्षा, दंड, चराईची पट्टी. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्यानं डोंगर आणि गायरानं कशी ताब्यात घेतली आणि गरिबाच्या शेरडामेंढरांना तिथं पाऊल ठेवणं कसं मुश्किल केलं, ते रोखठोक मांडलंय. त्याच सुमाराला नीरेचे कालवे आले, पुढे धरणं आली, माळ जाऊन ऊस आला. सरकारी कागदाला पत्ता असलेली माणसं आवडतात. पट्टी वसूल करायची तर माणूस जागेवर सापडायला हवा ना.

२००६ सालच्या वनहक्क कायद्यात फिरत्या मेंढपाळांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे, हे आपल्या गटांतल्या बायांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. अडचण अशी की आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचा पुरावा म्हणजे विझलेल्या चुली, त्यांनी तो आणायचा कुठून?

घोंगड्याचं थोडं सांगते, कारण तिथं नुकसान डोळ्यांना दिसतं. मेंढी वर्षातून दोनदा कातरायची. लोकर पिंजायची, कातायची; कातायचं काम मुख्यतः बायांचं. विणायचा सनगर, खड्ड्यातल्या मागावर. चिंचोक्याची खळ देऊन ते कडक करायचं. असं घोंगडं पावसात डोक्यावर खोळ होतं, थंडीत पांघरूण, जमिनीवर गादी, धान्य वाळवायला चादर. वाड्यावरचं निम्मं सामान त्या एका वस्तूत असतं. मग गिरणीतली स्वस्त ब्लँकेटं आली, लोकरीला भाव उरला नाही. आता कित्येक जण माडग्याळ मेंढी ठेवतात. ती उंच, वजनाला चांगली, मटणाला भाव देते, पण तिला कातरण्यासारखी लोकर नाही. कुटुंबाच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, मी नावं ठेवत नाही. फक्त त्यात कातणाऱ्या बाईचा हात रिकामा झाला, आणि तिच्या हातात येणारे चार पैसेही गेले.

मी मावशींना विचारलं, तुम्हाला काय काय येतं ते सांगा. त्यांना प्रश्नच कळेना. “येतं म्हंजे? करायला लागतंय.” मग मीच मोजत गेले. अडलेली मेंढी सोडवणं. जखमेत किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून भरणं. आई मेलेल्या कोकराला दुसरीच्या दुधाला लावणं. त्यासाठी त्या मेंढीच्या मेलेल्या पिलाचा वास या कोकराच्या अंगाला लावतात, म्हणजे ती त्याला आपलं म्हणते. अनोळखी शेतकऱ्याशी सौदा करणं. ओल्या लाकडावर चूल पेटवणं. दीडशे मेंढरांत कुठलं आज नीट चरलं नाही, ते संध्याकाळी नुसत्या नजरेनं ओळखणं. माझी वही भरली.

मैत्रिणींनो, मला हे जगणं गोड करून सांगायचं नाही. बाळंतपणं रस्त्यात होतात. हायवेवर अंधारात गाडी मेंढरांत घुसते. अंघोळीला आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते मी सांगायला नको. मावशींच्या दोन नाती वस्तीवर आजोबांजवळ राहून शाळेत जातात, आणि वर्षातले सात-आठ महिने आईला फक्त फोनवर ऐकतात. मोठीला मी विचारलं, तुला वाड्यावर जायचंय का. ती म्हणाली, “नाही. मला नर्स व्हायचंय.” मावशी म्हणाल्या, “व्हती की. कोकरं काढलीत तिनं लई.”

आता गटाचं. आपल्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र आहे नियमित बैठक. १९९२ पासून गट बँकेला जोडायला लागले तेव्हापासून ते आपण पाठ केलंय, आणि त्यानं आपलं भलंही झालंय. पण बैठक म्हणजे एकाच ओट्यावर, एकाच वारी, असं आपण धरून चाललो. या बायांनी दुसरा मार्ग काढलाय. पावसाळ्याचे चार महिने दर आठवड्याला वस्तीवर बैठक. बाहेर असताना प्रत्येक वाड्यावर एक जण पैसे गोळा करून वहीत लिहील, गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवील, आणि महिन्यातून एकदा सगळ्या फोनवर एकत्र येतील. पहिल्या वर्षी अकरा जणींपैकी एकीचाही हप्ता चुकला नाही. मी हे सगळं लिहून वर पाठवलं. उत्तर आलं की अशा बैठका हजेरीत धरता येतील की नाही ते बघावं लागेल.

मावशींचा फॉर्म मी पुन्हा भरला. ‘इतर’समोर जागा एका बोटाएवढी, म्हणून वेगळा कागद जोडला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. या वर्षीही वाडा दिवाळीनंतर निघणार आहे. तोवर हजेरीचं ठरलं पाहिजे, म्हणून येत्या सोमवारी मी परत विचारायला जाते आहे, आणि या वेळी मावशी बरोबर येणार आहेत.